उपरण्याचा शेक

६ फेब्रुवारी १९३३, निपाणी

वखारवाल्या शेटजींनी नव्या वर्षाची भेट म्हणून ही डायरी दिली, तेव्हा मनात म्हटलं, तंबाखूच्या दलालाला हिचा काय उपयोग? आमचा सगळा कारभार बोटांवर आणि शब्दावर. महिनाभर ती फडताळात पडून होती. आज काढली, कारण आज जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी अकोळचा शेतकरी भरमू वखारीत माल घेऊन आला. या हंगामात इतका चांगला माल मी पाहिला नव्हता. नेहमीप्रमाणे तिघं बसलो. एका अंगाला भरमू, दुसऱ्या अंगाला माल घेणारे शेटजी, मधे मी. माझं लाल काठाचं उपरणं हातांवर टाकलं. उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, वर तोंडं गप्प, अशी आमची रीत. भरमूनं त्याचा भाव माझ्या बोटांत दिला, मी तो शेटजींच्या बोटांत द्यायला वळलो, एवढ्यात भरमूनं हात ओढून घेतला.

"अण्णा, तुमी शेटला डोळा घातला."

"कुणी? मी?"

"डाव्या डोळ्यानं. भाव पाडायची खूण. एकदा न्हाय, दोनदा. मी काय आंधळा हाय व्हय?"

वखारीतली सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. मी त्याला पुष्कळ समजावलं. त्यानं ऐकलं नाही. पोती गाडीत परत चढवली आणि बैल अकोळच्या वाटेला लावले.

बावीस वर्षं या धंद्यात आहे. माझ्या उपरण्याखाली हात घालताना शेतकरी मान दुसरीकडे वळवून पान खात बसतो, इतका विश्वास. त्या विश्वासावर माझी भाकरी आहे. आज भरमू गेला, उद्या अख्खं अकोळ जाईल.

खरी गोष्ट इथं लिहून ठेवतो. दिवाळीपासून माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. आग होते, एकसारखी उघडझाप होते, आणि डावा डोळा मला न विचारता मिटतो. पण हे बाजारात सांगायचं नाही. डोळ्यानं अधू दलालापाशी कोण बसेल?

८ फेब्रुवारी

सौ. म्हणाली, "बेळगावला डोळ्याच्या डॉक्टरांस्नी दावून या." मी म्हटलं, काही गरज नाही, आपोआप जाईल. ती म्हणाली, "दिवाळीपासनं जातंयच की."

उलट उत्तरं देण्यात आमच्या मालुबाईचा हात कुणी धरणार नाही. जाऊन येतो.

११ फेब्रुवारी

पहाटेच्या मोटारीनं बेळगाव. निपाणीत सांगितलं होतं की काकतीला पाहुण्यांकडं जातोय. नेमका मोटारीत ओळखीचा एक व्यापारी निघाला. काकती आली तसा तो माझ्यासाठी मोटार थांबवून म्हणतो, "उतरा की, शामराव!" बेळगावात आधी थोडं काम आहे, असं काहीतरी पुटपुटलो. उतरलो असतो तर उरलेले कोस पायी तुडवावे लागले असते.

डॉक्टर वयानं लहान पण माणूस हुशार. त्यांनी पापणी उलटी करून भिंगातून पाहिली आणि म्हणाले, "तुमचे डोळे कोरडे पडलेत."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, दिवसभर डोळ्यांतून पाणी गळतंय."

"म्हणूनच गळतंय," ते म्हणाले. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात म्हणे. हे तेल थंडीतल्या तुपासारखं थिजलं की डोळ्यावरचा ओलावा टिकत नाही, डोळा टोचतो आणि टोचला की रडतो. उपाय काय, तर शेक! एवढ्यासाठी मी मोटारीत हाडं खिळखिळी करून घेतली. तरीही त्यांनी सांगितलं ते उतरवून घेतलं. हात धुवावेत. पाणी उकळून घ्यावं आणि मनगटाला सोसेल इतपत निवू द्यावं. धुतलेलं, स्वच्छ, मऊ कापड त्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवावं. निवलं की परत बुडवावं. मग पापण्या बोटानं हलकेच चोळाव्यात. दिवसातून दोनदा, निदान महिनाभर.

सोपं आहे. महिना कशाला, मी पंधरा दिवसांत बरा होतो.

१२ फेब्रुवारी

शेक सुरू केला. कापडाचा विचार करावा लागला नाही. माझ्या उपरण्याहून चांगलं कापड कुठलं? बावीस वर्षांपूर्वी पहिला सौदा केला तो याच्याखाली. हंगामातला पहिला सौदा झाला की गुढीपाडव्यापर्यंत मी ते धूत नाही, कारण धुतलं की बरकत जाते. आमच्या बाजारात हे सगळेच मानतात. ज्या कापडानं मला अन्न दिलं ते डोळे देणार नाही?

सौ.नं पाणी तापवून दिलं. उपरणं बुडवलं तशी ती उपरण्याबद्दल काहीतरी म्हणाली, पण मी तेव्हा कालच्या पानावर डॉक्टरांच्या सूचना नीट उतरवत होतो.

शेकानं बरं वाटलं. नंतर तांब्यात पाहिलं तर पाण्याला चहासारखा रंग आलेला. डोळ्यांत केवढी उष्णता साठली होती!

१५ फेब्रुवारी

पाण्याचा रंग अजून तसाच आहे. शेक घेताना शिंकाही येतात. विकार चहूबाजूंनी बाहेर पडतोय, हे लक्षण चांगलं. डोळे मात्र लाल आहेत. जाण्याआधी रोग उसळतो, तसं असणार.

सौ. मघाशी परत उपरण्याचं काढत होती. मी हे लिहीत असल्यानं नुसतं "हं" म्हटलं. मग म्हणाली, "मीबी शेक घेऊ काय हो? माजंबी डोळं चुरचुरत्यात." मला हसू आलं. म्हटलं, तुझं दुखणं चुलीच्या धुराचं, ते वेगळं. माझं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. ती पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली.

आमच्या चुलीला जळण विकत आणावं लागत नाही, हे इथं लिहून ठेवण्यासारखं आहे. वखारीतल्या तंबाखूच्या काड्या फुकट मिळतात. भारे भरून घरी येतात. निपाणीत एवढा संसारी पुरुष दुसरा दाखवा.

२० फेब्रुवारी

डोळे जास्तच बिघडले. सकाळी पापण्या चिकटतात. कारणं शोधून काढली आहेत: मोटारीतली धूळ, परवाची वांग्याची भाजी आणि डॉक्टरांचं कोवळं वय.

आज वखारीत काळा चष्मा लावून बसलो. डोळा दिसलाच नाही तर तो मिटला हे कुणाला कळणार? पण अकोळचे दोन शेतकरी आले, माझ्याकडं बघून एकमेकांच्या कानाला लागले आणि समोरच्या वखारीत गेले. शेटजी म्हणाले, "शामराव, चष्म्यामागं काय लपवता?" चष्मा तिथंच काढला. मग सौद्याला डोळे मिटून बसलो, तर शेटजींना वाटलं मला झोप लागली.

घरी आलो तर सौ. सुईत दोरा ओवत होती. सुई हातभर लांब धरलेली. दोरा जाईना. मी ओवायला बसलो, मलाही जमेना. शेवटी शेजारच्या शालूबाईनं ओवून दिला. त्या वेळीही सौ. उपरण्याबद्दल बोललीच. मी वैतागून डायरी उघडली.

२४ फेब्रुवारी

शेक बंद! उपयोग शून्य. तेरा दिवस नेमानं केला आणि डोळे तांबड्या मिरचीसारखे झाले. बेळगावच्या डॉक्टरांना चार शब्द सुनवायला जातो, असं म्हणून टोपी घातली.

सौ. दारात उभी राहिली. म्हणाली, "आठ दिस मला करू द्या. उपरणं खुंटीला अडकवायचं नि आडवं व्हायचं. बघायचं न्हाय, बोलायचं न्हाय. आणि लिवायचं तर अजाबात न्हाय."

"तुला काय जमणार?"

"तांब्यातलं पाणी तापवायला काय मॅट्रिक व्हावं लागतंय?"

आठ दिवस दिले. तिच्या समाधानासाठी.

२ मार्च

आता लिहायलाच हवं, डोळ्यांत फरक आहे. कालपासून पापण्या चिकटत नाहीत. आग जवळजवळ नाही. शेवटी शेक लागू पडला. मी म्हणतच होतो.

उपरणंही वापरून वापरून फार मऊ झालं आहे. आधी त्याचा काठ नाकावर टोचायचा, आता लहान मुलाच्या दुपट्यासारखं लागतं. वासही गेला. आणि सकाळी खांद्यावर घेतो तेव्हा अगदी कोरडं असतं, चुलीपाशी वाळवत असणार. बाई कामाची आहे हे मान्य केलं पाहिजे. आणखी आठ दिवस तिच्याच हातानं चालू दे.

उपरण्यानं राखलं. कुणी काही म्हणो, बरकत ती बरकत.

९ मार्च

डोळ्यांत जीव आला तसा धीर आला, म्हणून सकाळी अकोळला गेलो. भरमूच्या घरी सोप्यात पोती तशीच रचलेली. अजून विकलेली नाहीत! म्हटलं, चांगली संधी आहे.

भरमूनं पाणी दिलं, चहा दिला, पण नजर दिली नाही.

"भरमू, माल कशापाय ठेवलायस? भाव खाली चाललाय."

"जाऊ द्या की अण्णा. माजं मी बघतो."

"माझ्यावर इस्वास न्हाय?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. मग म्हणाला, "माजा बा तुमच्या उपरण्याखाली हात घालायचा. मीबी घातला. त्या दिवशी जे बघितलं ते न बघितल्यागत करायला लई बघतोय. हुईना झालंय."

आजाराचं सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. अकोळमध्ये बोललो की संध्याकाळपर्यंत निपाणीत सगळ्यांना कळणार, शामू दलालाला दिसत नाही.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "खरं काय हाय ते सांगून टाका की." म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही. पण मन लागत नाही. त्याच्या बापाचा हात मला आठवतो. करंगळी अर्धी तुटलेली होती आणि त्या अर्ध्या करंगळीनं तो भावासाठी असा झगडायचा की शेटजींना घाम फुटायचा. त्याच्या मुलानं मला चोर समजावं, हे मला सोसत नाही.

१४ मार्च

आजचा दिवस लिहिताना लाज वाटते आहे, पण वगळायचं नाही.

आज ऊन फार होतं. वखारीतून चारलाच घरी आलो आणि तसाच सोप्यात घोंगड्यावर आडवा झालो. सौ.नं नेहमीसारखं गरम कापड डोळ्यांवर ठेवलं आणि परसात आडावर गेली. मी छान पडलो होतो. तेवढ्यात दारात पायताण वाजलं.

"वैनी, अण्णा हायत काय?" भरमूचा आवाज.

उठणार होतो. पण कापड काढलं तर फडफडता डावा डोळा दिसणार, ठेवलं तर शेक दिसणार. तसाच पडून राहिलो.

तो आत आला. "अण्णा, तुमचं उपरणं. वखारीत पोत्यावर इसरलासा. माल दावायला दुसऱ्या दलालाकडं आलतो, तवा दिसलं. कुणाच्या हाती लागाया नगो म्हणून आणलं."

मी म्हटलं, "माझं उपरणं? ते माझ्या डोळ्यांवर हाय की."

"मग माज्या हातात काय हाय?"

कापड काढलं. बघतो तर ते सौ.च्या जुन्या लुगड्याचा तुकडा. धुऊन धुऊन रंग उडालेला. नातवाच्या दुपट्यांसाठी फाडलेलं होतं, त्यातला उरलेला. आणि भरमूच्या हातात माझं लाल काठाचं उपरणं, तंबाखूनं तपकिरी झालेलं. त्यानं ते झटकलं आणि उडालेल्या धुळीनं आम्ही दोघंही शिंकलो.

सौ. घागर घेऊन दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत भरमूनं विचारलं, "डोळ्यास्नी काय झालंय?"

"कोरडं पडल्यात," सौ.नं सांगून टाकलं. "दिवाळीपासनं. डावा आपसूक मिटतोय. निजल्यावरबी फडफडतोय."

भरमू घोंगड्याच्या कडेला बसला. "म्हंजे त्या दिवशी..."

"व्हय," मी म्हटलं.

"मग बोलायचं न्हाय व्हय, अण्णा? महिनाभर माल घरात घिऊन बसलोय. आज दुसऱ्यापाशी गेलतो. त्यानं उपरणं टाकलं, पर मला हात घालवंना."

"आंधळा दलाल कोण धरंल रं?"

"आणि डोळा घालणारा कोण धरंल?"

डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कोरडेपणाचं नव्हतं, हे इथं स्पष्ट लिहितो. भरमूनं ते पाहिलं आणि उगाच चुलीकडं बघत बसला. उद्या माल आणतो म्हणून गेला.

तो गेल्यावर मी सौ.ला म्हटलं, "मला आधी सांगायचं न्हाय, उपरण्यातली तंबाखू डोळ्यांत जातीय म्हणून?"

"सांगितलंतं. तीनदा. तुमी लिवत बसलाता."

१५ मार्च

सौ.नं काल संध्याकाळी उपरणं धुतलं. मला विचारलं नाही, मीही अडवलं नाही. तीन पाणी तपकिरी निघाली, चौथं निवळ. पाडव्याला अजून अवकाश आहे. सकाळी ते पांढरंशुभ्र उपरणं दोनदा परत खुंटीला अडकवलं, मग खांद्यावर घेतलं. बाजारात दोघातिघांनी वळून पाहिलं.

भरमू आला. तिघं बसलो. बसायच्या आधी मी शेटजींना आणि भोवतीच्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, "माझे डोळे कोरडे पडलेत. औषध चालू हाय. डावा कधी कधी मिटतोय. ज्यास्नी चालत नसंल त्यांनी दुसरा दलाल बघावा." कुणी उठलं नाही. उपरणं टाकलं. भरमूनं हात घातला. त्याची बोटं बोलू लागली आणि नेमका तेव्हाच डावा डोळा एकदा मिटला. भरमूनं ते पाहिलं, मान वळवली आणि कनवटीचं पान काढून तोंडात टाकलं.

सौदा झाला. दुपारपर्यंत अकोळच्या आणखी तीन गाड्या आल्या.

फुशारकीनं घरी आलो. डॉक्टरांना पत्र लिहायचं म्हणून तारखा बघायला ही डायरी पहिल्यापासून वाचली. फेब्रुवारीच्या बारा तारखेला माझ्याच अक्षरात आहे: सौ. उपरण्याबद्दल काहीतरी म्हणाली. पंधराला आहे. विसाला आहे. ती खरंच तीनदा बोलली होती. चहाच्या रंगाचं पाणीही मीच लिहून ठेवलंय. हे सगळं लिहिणारा माणूस मला कुणी दाखवला असता, तर मी त्याला गाढव म्हटलं असतं.

आणि पंधरालाच दुसरी एक ओळ सापडली. "मीबी शेक घेऊ काय हो?" खाली माझं उत्तर. खाली माझं फुकटच्या जळणाचं कौतुक. मग विसाची सुई, हातभर लांब धरलेली.

डायरी ठेवली आणि चुलीपुढं जाऊन बसलो. सौ. म्हणाली, "काय पायजे?" म्हटलं, "तू तिकडं पड." तिला वाटलं मला ताप भरलाय.

चूल पेटवली. तंबाखूच्या काड्या धडधडल्या आणि जो धूर आला, त्यानं दहा मोजायच्या आत माझे बरे झालेले डोळे परत महिनाभर मागं गेले. खोकलो, रडलो, फुंकर घालताना राख तोंडावर आली. ही बाई या चुलीपुढं दिवसातून तीनदा बसते. माझ्या शेकाच्या पाण्यासाठी आणखी दोनदा बसत होती. मी बाहेर सोप्यात लोळून रोगाची लक्षणं मोजत होतो.

उद्यापासून घरात तंबाखूची एक काडी येणार नाही. बाभळीची लाकडं विकत आणीन.

पाणी उकळलं, निववलं, मनगटावर बघितलं. दुपट्याचा दुसरा तुकडा तिच्याकडून मागून घेतला, धुतलेला. ती घोंगड्यावर पडली तरी उठून उठून बघत होती, मी भाजून घेतोय की काय. शेवटी दटावलं तेव्हा डोळे मिटले. कापड ठेवलं. आधी अंग ताठ होतं, मग हळूहळू सैल पडलं. तिचे डोळे मिटलेले आणि हात रिकामे, असं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लिवताय व्हय?"

"न्हाय," मी म्हटलं. डायरी फडताळात होती, मी तिच्या उशाशी होतो.

मग ती बोलायला लागली. पुष्कळ वेळ बोलत होती. दोनदा कापड निवलं, दोनदा मी ते गरम पाण्यात बुडवून परत ठेवलं. ती काय बोलली ते इथं लिहीत नाही. मी ऐकलं.